जनकुराच्या वीस गाठी

गावतळ्याच्या पाळीवर अजून आंब्याचं एकही झाड नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. झाडीपट्टीतल्या त्या गावात जनकुरा नावाची, मासे धरून पोट भरणारी ढिवरीण होती. रोज सकाळी ती गुडघाभर पाण्यात उतरे, पायाने गाळ ढवळी आणि उभ्या उभ्या जाळं विणू लागे. पाणी निवळून पायाचा अंगठा पुन्हा दिसेपर्यंत वीस गाठी होत. कधी एकोणीस, कधी एकवीस. मग ती म्हणे, "तळं बरं हाये." तिच्या आजीचाही हाच नेम होता, असं म्हणतात.

एका वर्षी गावाच्या आणि तळ्याच्या मालकाला, मालगुजाराला, पाहुण्यांसाठी नाव फिरवायची हौस आली. पाण्याखालचं गवत वल्ह्यांत अडके, म्हणून त्याने ते उपटायला लावलं. माशांना लपायला जागा उरली नाही, जाळी भरून येऊ लागली. गाव खूश झालं. पण जनकुराच्या गाठी पंचवीस झाल्या, मग चौतीस, मग एकावन्न.

ती गोंधळली. तिने सूत बदललं, जागा बदलली. गाठी वाढतच होत्या. शेवटी ती मालगुजाराकडे गेली.

"मालक, तळं थकलं. उरलेलं गवत राहू द्या."

"जनकुराबाई, थकले ते तुमचे डोळे."

"डोळे गेले असते तं गाठी चुकल्या असत्या."

भोवती जमलेली माणसं हसली. "मंग मासे काऊन वाढले वं माय?" एकाने विचारलं. ती तळ्याकडे चालू लागली.

उगवतीच्या कोपऱ्यात गवताचा शेवटचा पट्टा उरला होता. उपटणारे आले, तेव्हा ती त्यात जाऊन उभी राहिली. हलेचना. तिसऱ्या दिवशी वारा सुटला, नेहमीचा, लुगडी वाळवणारा. गाळ धरून ठेवणारं गवत नव्हतं; तळं गढूळ झालं ते निवळलंच नाही. मासे उलटे होऊन वर आले. प्यायला पाणी उरलं ते फक्त जनकुराच्या कोपऱ्यात.

असं म्हणतात, ती सात वर्षं तिथेच गाठी मारत राहिली. जाळं तळ्याला वेढा घालून तिच्या हातात परत आलं, तोवर गवतही सगळीकडे पसरलं होतं. कोणी म्हणतं, ती घरी जाऊन म्हातारी होऊन वारली. कोणी म्हणतं, पाणी निवळलं तेव्हा तळाशी फक्त दोन पावलं दिसली. खरं कुठलं, कळत नाही.

आजही वर्षाची पहिली जाळी पडण्याआधी त्या कोपऱ्यात एक बाई पायाने गाळ ढवळते, दुसरी गाठी मारते. गेल्या वर्षी सव्वीस झाल्या.

"पाय जड पडला असंल."

"सूतच जाड होतं."

खूप वाद झाला. पाण्यात तर मासे उड्या मारत होते. कोणालाच काही उमगत नव्हतं. तरी वर्षभर जाळी पाळीवरच्या आंब्यांना टांगलेली राहिली.