ऊन न पाहिलेली माती

फार जुन्या काळची गोष्ट आहे, पण फार लांबची नाही. एका तांबूस दगडाच्या किल्ल्याखाली कारागिरांची आळी होती. तिथे सकाळपासून इवल्या इवल्या हातोड्यांची टिकटिक चालायची. त्या आळीतल्या सगळ्यात बुटक्या घरात सुगला नावाची एक चिमुरडी आपल्या अप्पांबरोबर राहायची. आई नव्हती. घरात एक शेगडी, एक घोंगडं, दोन मडकी आणि कोनाड्यात एक पणती एवढाच काय तो संसार. तेल अगदी बेताचं असायचं आणि ते सगळं त्या पणतीतच जायचं, कारण सुगला अंधाराला भ्यायची.

भ्यायची म्हणजे थोडीथोडकी नाही. पणती मालवली की तिला वाटायचं, काळोख आता नाकातोंडात शिरणार. मग ती अप्पांचं धोतर घट्ट धरून बसायची आणि रडायचंसुद्धा विसरायची. म्हणून पणती रात्रभर जळे आणि आमटीला फोडणीचं तेल काही मिळत नसे. अप्पा बिनफोडणीची आमटी भुरकत म्हणायचे, "अशीच ग्वाड लागतीया." खोटं बोलायला ते अगदीच कच्चे होते.

अप्पांचं नाव मन्मथप्पा. ते बिदरीकाम करायचे. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओतायचं, त्यावर वेलबुट्टी कोरायची आणि कोरलेल्या रेघांत चांदीची तार ठोकून बसवायची. ही कला म्हणे उंटांच्या काफिल्यांबरोबर आणि गलबतांवर बसून दूर इराणातून आली. एवढा प्रवास करून आली, पण शेवटी अडते कुठे, तर मातीशी. तार बसवली तरी भांडं राखेसारखंच करडं दिसतं. त्या करड्यात चांदी पार हरवून जाते. मग किल्ल्याच्या तळघरातली माती आणायची, जिने कधी ऊन पाहिलं नाही, पाऊस पाहिला नाही. तिच्यात नवसागर घालून उकळायचं आणि तापल्या भांड्यावर चोळायचं. भांडं काळंभोर होतं, चांदी मात्र काळी होत नाही.

माती खरी की खोटी, हे जिभेवर कळतं. अप्पांनी सुगलाला शिकवलं होतं, "पाऊस काय करतो माय, मातीतला खार धुवून नेतो. मग ती आळणी लागती. जितकं आत जाशील तितकी जीभ चरचरती, गार पडती. तीच आपली माती."

शिकवलं खरं, पण आत न्यायचं नाव काढलं की सुगला घोंगड्यात तोंड लपवायची.

एके दिवशी मातीचं मडकं रिकामं झालं. चांदीच्या डाळिंबाच्या वेलीचं एक सुंदर तबक करड्या तोंडानं वाट पाहत बसलं होतं. अप्पा सकाळीच किल्ल्यावर गेले. "दुपारच्या भाकरीला येतोच," म्हणाले. सुगलानं भाकरी थापली. भाकरी निवली, वाळली, पार कडक झाली. सावल्या लांबल्या तरी अप्पांचा पत्ता नव्हता.

तिनं पणती पाहिली. पणती काठोकाठ भरलेली होती. अप्पांनी आपल्या दिव्यात थेंबभरच तेल घेतलं होतं आणि बाकीचं सगळं तिच्यासाठी ठेवून गेले होते. त्यांचा दिवा केव्हाच विझला असणार.

आळीत त्या दिवशी जत्रेमुळे शुकशुकाट होता. हाक मारायला कुणी नव्हतं. सुगलानं पणती पेटवली, पदराआड धरली, कमरेला भाकरी बांधली आणि ती एकटीच चढण चढू लागली.

किल्ल्यावर एक उजाड बाग होती. कोरडं कारंजं, वठलेली डाळिंबं, आणि तिच्या पलीकडे तळघराचं दार, उघडं आणि काळंकुट्ट. सुगला तिथेच थांबली. तेवढ्यात कारंज्याच्या कडेवर काहीतरी लुकलुकलं.

ती एक परी होती. करंगळीएवढी, बोराच्या फुलासारखी नाजूक. तिचे पंख कधीकाळी सोनेरी, गुलाबी, मोरपंखी असतील, पण आता ते विझत्या निखाऱ्यासारखे मंद झाले होते. ती थरथरत होती.

"बाळ," ती म्हणाली, "तुझ्या पणतीतला एक थेंब देशील? माझा उजेड संपत आलाय गं."

सुगलाचं मन म्हणालं, नको. पण भूक कशी असते हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं पणती पुढे केली. परी एक थेंब प्यायली, मग दुसरा, मग घटाघटा पीत राहिली. सुगलाला पणती मागे ओढावीशी वाटत होती. तिनं ओढली नाही. परीच्या पंखांवर हिरवा, निळा, केशरी रंग झुळझुळला, आणि पणतीत तेलाचा नुसता ओशटपणा उरला.

परी शरमली. "किती प्यायले मी! आता तू एक इच्छा माग. एकच. पण आधी नियम ऐक. मागितलेलं परत घेता येत नाही. आणि भीतीपोटी मागितलेलं उलटतं."

"उलटतं म्हंजी?"

"या दारावर एक पहारेकरी असायचा. शत्रू आला तेव्हा तो इतका घाबरला की म्हणाला, मी कुणाला दिसू नये. तेव्हापासून तो कुणालाच दिसला नाही. शत्रू गेला, राजा गेला, राज्य गेलं. तो अजून आत फिरतोय."

सुगलानं विचारलं, "तू येशील का माझ्यासंगं?"

"जिथे ऊन कधी गेलंच नाही, तिथे मी क्षणभरही जगत नाही," परी हळूच म्हणाली. "मी दारात थांबते."

आता सांगा, तुम्ही गेला असतात? मी तर गेलो नसतो. सुगला गेली.

पहिल्या वळणापर्यंत पणती जळली. दुसऱ्या वळणावर ज्योत निळी झाली, बारीक झाली आणि गेली. काळोखानं तिला एकदम चहूबाजूंनी धरलं. डोळे उघडे की मिटलेले, तेही कळेना. वर वटवाघळं चिरचिरली. "अप्पा!" ती ओरडली, आणि प्रत्येक भिंतीतून, छतातून, पायांखालून तिचाच आवाज परत आला. अप्पा, अप्पा, अप्पा. त्यात खऱ्या अप्पांचा आवाज असता तरी ओळखू आला नसता.

'उजेड' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. म्हटला की झालं. पण तिचे दात वाजत होते, आणि ही भीती आहे हे तिला कळत होतं. भीतीपोटी मागितलेला उजेड उलटून काय होईल? सगळं पेटेल? की तिचे डोळेच जातील? तिनं दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलं.

आणि तिच्या कानाशी कुणीतरी खोकलं.

जड जोड्यांची पावलं तिच्याभोवती फिरली, मग अगदी समोर थांबली. पुढची वाट अडली होती. पळावं तर कुठे पळावं? मग तिला वाटलं, हा बिचारा किती दिवस इथे असेल, आणि याच्याशी शेवटचं कोण बोललं असेल? तिनं कमरेची भाकरी सोडली. अर्धी मोडून काळोखात पुढे धरली.

"काका," ती म्हणाली, "कडक झालीया. पर खा. आन् मला वाट द्या. माझे अप्पा आत हायत."

कुणाची तरी थंडगार बोटं भाकरीला लागली. भाकरी उचलली गेली. पावलं बाजूला सरकली.

पुढे मात्र वाट फुटली. एक डावीकडे, एक उजवीकडे. सुगला गुडघ्यांवर बसली. अप्पा कुठे गेले असतील? जिथे सगळ्यात खरी माती असेल तिथेच. तिनं डावीकडची चिमूटभर माती जिभेवर ठेवली. आळणी. उजवीकडची ठेवली. जीभ किंचित चरचरली. ती उजवीकडे रांगली. दर वळणाला थांबायची, चाखायची, थुंकायची, पुढे जायची. माती तिखट होत गेली, गार होत गेली. शेवटी जीभ अशी बधिर झाली की बोलणंही जड जावं. तेव्हा तिच्या हाताला हात लागला.

"कोन?" आवाज घोगरा होता.

"मी हाय, अप्पा."

अप्पांच्या पायावर छताचा दगड पडला होता. पाय मोडला नव्हता, पण अडकला होता. सुगलानं दगड ढकलला. दगड कसला हलतोय.

"तू परत जा माय," अप्पा म्हणाले. "मी बरा हाय. अंधारात काय नसतंय, मी सांगतो न्हवं तुला रोज?"

पण त्यांचा हात तिच्या हातात होता, आणि तो हात कापत होता. सुगला चकित झाली. म्हणजे अप्पाही भीत होते. सकाळपासून एकटे, या काळोखात, कापत बसले होते. तिला असं कधी सुचलंच नव्हतं. तिनं त्यांचं डोकं आपल्या इवल्या छातीशी धरलं आणि अप्पा रोज जसे थोपटायचे तसं थोपटू लागली.

"भिऊ नगा अप्पा. मी हाय न्हवं. काय नसतंय अंधारात. एक पहारेकरी काका हायत, ते चांगले हायत."

अप्पांचा हात हळूहळू शांत झाला. आणि थोपटता थोपटता सुगलाच्या लक्षात आलं, आपले दात वाजायचे थांबलेत. काळोख तेवढाच होता. ती मात्र त्याला भीत नव्हती.

तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "हा दगड फुलावानी हलका होऊ दे."

तिनं एका बोटानं ढकललं आणि तो भलामोठा दगड शेवरीच्या कापसासारखा तरंगत बाजूला गेला.

परतताना अप्पांनी मातीची झोळी भरून घेतली. कारागीरच तो, पाय सुजला तरी माती सोडतो का? सुगला पुढे चाखत चालली. आता खुणा उलट्या होत्या. माती आळणी लागली की समजायचं, इथवर पाऊस पोचलाय, म्हणजे दार जवळ आलं. मध्ये एका वळणावर तिचा पाय घसरला, तेव्हा कुणाच्या तरी थंड हातानं तिला सावरलं. अप्पांना वाटलं, भिंतच असेल.

दारात परी थांबलेली होती. ती सुगलाच्या केसांवर बसली. "मला माझ्या देशी जायचंय," ती म्हणाली. "पण आमची वाट काळ्यातून उगवलेल्या उजेडातूनच जाते, आणि तसा उजेड मला कुठेच सापडेना."

सुगला हसली. "मग आमच्या घरी चल की."

अप्पांनी शेगडी पेटवली, माती उकळली. सुगलानं तापल्या तबकावर ती चोळली. करडं तबक काळं होऊ लागलं. काळं, आणखी काळं, आणि त्या काळ्यातून चांदीची वेल लखलखत वर आली. इवली पानं, टपोरी डाळिंबं, दाणा न् दाणा. परी आनंदानं गिरकी घेऊन खाली उतरली. तिचा पंख चांदीला टेकला. सगळं घर हिरव्या, निळ्या, सोनेरी प्रकाशानं भरून गेलं, आणि त्या प्रकाशात परी विरघळून गेली. फक्त वेलीवर एक कळी जास्तीची उरली. ती आपण कोरली नव्हती, असं अप्पा पुढे जन्मभर शपथेवर सांगत.

त्या तबकामुळे अप्पांचं नाव दूरदूर पोचलं आणि घरात पुन्हा कधी कोरडी भाकरी खायची वेळ आली नाही. माती आणायला बापलेक जोडीनं जाऊ लागले. जाताना सुगला वळणावर एक ताजी भाकरी ठेवायची. येताना तिथे काही नसायचं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी शेजाऱ्यांनी जत्रेहून येताना थोडं तेल दिलं. अप्पांनी नेहमीसारखी पणती भरली, लावली आणि कोनाड्यात ठेवली. सुगला उठली. चवड्यांवर उभी राहून तिनं फुंकर मारली. घर अंधारलं. कोपऱ्यात तबकावरची चांदी तेवढी मंद चमकत राहिली.

"अगं, मालवलीस का?" अप्पा दचकून म्हणाले.

सुगला घोंगड्यात शिरली आणि त्यांना बिलगली.

"अप्पा, उद्यापासनं तेल आमटीत घालू," ती म्हणाली.