निळ्या शेपटीची पिल्लं आणि धापू

एक होता राजा, वाळूच्या मुलखातला. तिथं डोंगर नाही, नदी नाही, नुसती वाळूच वाळू. आणि त्या वाळूत राहायचे एवढे एवढे सरडे. मोठे झाले की वाळूच्याच रंगाचे, पण पिल्लांच्या शेपट्या मात्र निळ्याशार! बोटांना बारीक झालर असायची बरं का, म्हणून तापल्या वाळूवरून ते सुर्रकन पळायचे. कुणी आलं की डोकं खुपसायचं आणि आत गडप!

तिथंच विहिरीपाशी धापू नावाची बाई शेळ्या राखायची. तिला मूलबाळ नव्हतं. दुपारी पिल्लं जवळच्या बिळांतून येऊन तिच्या पायाशी मुंग्या टिपत बसायची, ती बघत राहायची.

मग राजाला हौस आली. फेट्याला निळ्या शेपट्यांचा तुरा हवा! शिपाई धावत आले, पिल्लं वाळूत गडप. मग जाळी घेऊन आले. एक पिल्लू सापडलं, तर शेपटी शिपायाच्या मुठीत आणि पिल्लू पसार! हो रे, तुटली तरी वळवळते ती. पुन्हा उगवते, पण निळी नाही उगवत.

मग राजा स्वतःच आला.

"ए बाई, पिल्लांच्या बिळांपासून बाजूला हो."

"नाही व्हायची."

"तुझी विहीर बुजवीन!"

धापूनं शेळ्यांकडं पाहिलं. शेळ्या तहानेनं मरतील. तरी ती बिळांपुढं ठाण मांडून बसली. "बुजवा. मी हलायची नाही."

"ही वाळू माझी आहे!" राजानं पाय आपटला.

आणि काय नवल! वाळू हलली. खालून हजारो सरडे उकरायला लागले. राजा घोट्यापर्यंत रुतला. मग गुडघ्यापर्यंत. मग कमरेपर्यंत. शिपाई तर बघताक्षणीच पळाले.

"बाई, हात दे!"

"आधी हुकूम मागं घ्या."

"अगं, मी राजा आहे!"

"असाल. हुकूम मागं घ्या."

वाळू छातीला लागली, तेव्हा कुठं राजा म्हणाला, "घेतला! पिल्लांना कुणी हात लावायचा नाही. विहीरही राहू दे."

मग धापूनं त्याला ओढून काढलं. तो अंग झटकत निघून गेला. धापूनं मुजरा केला नाही. बिळांपुढून उठली आणि शेळ्यांना पाणी पाजायला गेली.

पिल्लं मोठी झाली, त्यांना पिल्लं झाली, सगळी सुखात राहिली. चला, मिटा डोळे. आता एकही शब्द नको हं.