हवेत आवळलेले बोल्ट

“म्हणजे मी बोल्ट नीट आवळलेच नाहीत, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

 बाजेवर बसून इलाही मिस्त्रींनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. कंपवातानं हात थरथरतात त्यांचे. तसे दाबले की जरा गप राहतात.

विचारणारा होता उदयन सरनोबत. कोल्हापूरचा इंजिनियर, पन्नाशीतला. गाडी मोठी आणि बोलणंही तसंच. हातकणंगल्याच्या अलीकडं मिस्त्रींचं गॅरेज आहे, त्याला लागून मी पंक्चर काढतो. म्हणून हे सगळं माझ्या कानांवर पडलं. नसतं पडलं तर बरं झालं असतं.

“पुढचे दोन्ही लोअर आर्म मी स्वतः बदलले,” तो म्हणाला. “घरीच, पार्किंगमध्ये, व्हिडिओ बघून. मोजून आवळायचा पाना आणला. पुस्तकात लिहिलंय तेवढंच आवळलं, तसूभर कमी नाही की जास्त नाही. आणि दोन महिन्यांत बुशचं रबर फाटलं! परवा रविवारी परत नवे घातले, तरी आज वाटेत गाडी कुरकुरायला लागली, म्हणून थांबलो. मालच भिकार विकतात लेकाचे.”

लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणारा लोखंडी हात. त्याच्या मुळाशी रबराचा बुश असतो. रस्त्याचा दणका ते रबर सोसतं. ते फाटलं की दणका सरळ बसणाऱ्याच्या अंगात.

बसणारे होते उदयनचे वडील, आबा. गाडी चिंचेच्या सावलीत उभी होती आणि ते पुढच्या सीटवर, दोन उशांच्या मध्ये. मणका मोडलेला. टोपी मांडीवर काढून ठेवलेली.

“गॅरेजात का नाही दिली गाडी?” मिस्त्रींनी विचारलं.

“गॅरेजवाल्यांवर माझा विश्वास नाही.”

गॅरेजात उभं राहून म्हणतो हे! मला तर त्याचा असा राग आला, काय सांगू.

मिस्त्रींना नाही आला.

“आवळताना गाडी कुठं होती, साहेब?”

“स्टँडवर. चाकं काढून, व्यवस्थित उचलून.”

“म्हणजे हवेत.”

“हवेतच ना! त्याशिवाय काम कसं होणार?”

मिस्त्री उठले. त्याच्याजवळ गेले.

“उजवा हात खाली सोडा.”

त्यानं सोडला. मिस्त्रींनी त्या थरथरत्या बोटांनी त्याच्या बगलेतलं शर्टाचं कापड चिमटीत धरलं आणि बरगडीशी घट्ट दाबलं.

“आता हात वर करा... अजून वर.”

चर्र... बगलेतली शिलाई उसवली.

“अहो, काय करताय हे! नवा शर्ट आहे.”

“कापड भिकार होतं?”

“नाही.”

“शिवणाऱ्यानं चुकवलं?”

“...नाही.”

“मी धरलेलं ढिलं होतं?”

तो उसवलेल्या बगलेकडं बघत राहिला. इंजिनियरच तो, डोकं होतंच. चेहरा पार उतरला.

“गाडी हवेत असली की आर्म खाली लोंबतो,” तो हळू बोलायला लागला. “मी रबर तिथंच पक्कं केलं. गाडी खाली टेकली की आर्म वर जातो... आणि रबर पिळलेलंच राहतं.”

“सगळे बोल्ट ढिले करा,” मिस्त्री म्हणाले. “गाडी आपल्या चाकांवर उभी राहू दे. सगळं वजन खाली येऊ दे. मग आवळा. मला आता पाना धरवत नाही. खड्ड्यात तुम्हालाच उतरावं लागंल.”

गॅरेजात जमिनीत पुरुषभर खोल खड्डा आहे. वर गाडी उभी करायची, खालून काम करायचं.

“मग आबांना उतरवावं लागेल. त्याला दोन माणसं लागतात. चारच्या आत मिरजेच्या पुढं पोचायचंय मला.”

“उतरवायचं कशाला? या गाडीत रोज कोण बसतं?”

“तेच. त्यांच्यासाठी तर एवढा खटाटोप केला.”

“मग त्यांच्यासकट आवळा.”

माझी खोड वाईट. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, म्हणून मी मध्येच विचारलं, “मिरजेत कुठल्या डॉक्टरकडं?”

उदयननं गाडीकडं पाहिलं. आम्हा दोघांना पत्र्याच्या आडोशाला घेतलं.

“डॉक्टर नाही,” तो म्हणाला. “आश्रम आहे तिकडं. म्हाताऱ्या माणसांचा. चोवीस तास नर्स, स्वच्छ खोली, सगळी सोय. आबांना डॉक्टर म्हणून सांगितलंय. तिथं गेल्यावर सांगेन.”

“किती दिवस?” मिस्त्री.

“कायमचंच.” तो जरा थांबला. “मी एकटा आहे घरात. कुणीतरी ठरवायलाच हवं होतं. खोली बघितली, फॉर्म भरला, डॉक्टरची चिठ्ठी घेतली. सगळं पक्कं केलंय मी.”

“पक्कं?”

“एकदम पक्कं.”

“त्यांना न विचारता?”

“विचारून काय करणार? उगाच जिवाला त्रास त्यांच्या.”

मिस्त्रींनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आजवर कळलेलं नाही. मग ते खड्ड्याकडं वळले.

गाडी खड्ड्यावर घेतली. उदयन उसवल्या शर्टानं खाली उतरला. त्यानं पहिला बोल्ट सोडवला, तसा रबर सुटल्याचा कर्र आवाज आला आणि गाडी बोटभर डुलली. वर आबा कण्हले.

मग दुसरा बोल्ट. मग पलीकडच्या बाजूचे.

आबांनी काच खाली केली. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो. मिस्त्री दाराशीच उभे होते.

“पोरगा कुठं गेला?”

“जवळच आहे,” मिस्त्री म्हणाले. “काम करतोय.”

“किती वेळ लागंल?”

“लागंल थोडा.”

“लागू दे. सावकाश करा.” आबांनी टोपी मांडीवर सरळ केली. “तिकडं चारनंतर घेत नाहीत म्हणे आत, फोनवर बोलताना ऐकलं मी त्याचं. उशीर झाला तर आजची रात तेवढी घरात मिळंल.”

मिस्त्रींनी दाराला हात टेकवला.

“डॉक्टरकडं नेतो म्हणून सांगितलंय त्यानं मला... मागं पिशवी आहे बघा. माझे सगळे बनियन भरलेत तिच्यात. सातच्या सात. डॉक्टरकडं जाताना कुणी सात बनियन नेतं काय, मिस्त्री?”

खालचा पान्याचा आवाज थांबला.

आवाज थांबल्याचं आबांच्या ध्यानातच आलं नसावं. ते बोलत राहिले, शांतपणे.

“मी काही बोललो नाही. त्याला वाटतंय मला कळत नाही, तर वाटू दे. पहाटे उठून माझं अंग पुसतो तो. त्याची पाठ दुखते, पण सांगत नाही. त्यानं नुसतं विचारलं असतं, आबा, जाता का? तर मी हो म्हणालो असतो हो... माझ्या तोंडानं म्हणालो असतो. तेवढंच माझं राहिलं होतं. मिरजेपर्यंत आता मला मुकाट्यानं येडं बनून बसायचंय.”

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. उदयनवरचा माझा राग कधी गेला ते कळलंच नाही. दोघांचंही वाईट वाटलं. बापाचं जरा जास्त.

आबांनी पाणी घेतलं. दोनच घोट. मग डोळे मिटून डोकं मागं टेकवलं.

खड्ड्यातून काही आवाज नाही. रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला. घड्याळात तीनला दहा कमी होते.

मिस्त्री गुडघे धरत धरत खाली बसले. खड्ड्याच्या काठावर. मी त्यांच्या मागून वाकून बघितलं. उदयन आबांच्या सीटच्या बरोबर खाली उभा होता. पाना धरलेला हात वर बोल्टवर होता, पण फिरत नव्हता.  तोंडावर ग्रीस आणि पाणी एक झालेलं.

“चाचा...” तो म्हणाला. आल्यापासून मिस्त्री, मिस्त्री करत होता. “आवळू का?”

मिस्त्री काठाशी अजून पुढं सरकले.

“चाचा, सांगा ना. वजन आलं का आता सगळं खाली?”

इलाही मिस्त्रींनी हात पुढं केला आणि त्याच्या उसवल्या बगलेवर ठेवला.

“मी वर आहे, लेका. खाली तू आहेस. आलं का ते तूच सांग.”