टाकीतलं पाणी

“मग माझा हातच गेला म्हणायचा का, चाचा?”

रणजितने दस्तगीर मिस्त्रींना विचारलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महिनाभराने आज ते मिरजेच्या आपल्या रंगकामाच्या शेडमध्ये आले होते. काळ्या मोटारीच्या बॉनेटवर वाकून ते पाहत राहिले.

चकचकीत रंगात बारीक बारीक खड्डे पडले होते. माशाच्या डोळ्यांसारखे.

तिसऱ्यांदा घासून तिसऱ्यांदा मारलेला रंग होता तो. मोटार देशमाने बाईंची, यजमान गेल्यापासून अकरा वर्षं झाकून ठेवलेली. चार दिवसांनी नातीची वरात तिच्यातूनच निघायची होती.

रणजितच्या हाताचं गावात नाव होतं. आठ वर्षांत त्याच्या रंगाला कधी डाग लागला नव्हता. ‘शिकवलं चाचांनी, पण हात माझा,’ असं तो चारचौघांत म्हणायचा. चाचांच्या कानावर ते गेलं होतं. ते नुसते हसले होते.

“थिनर बदललं. रंगाचा डबा बदलला. काल नवी स्प्रे गन आणली,” रणजित म्हणाला. “आता काय बदलू?”

चाचांनी आपला नवा चष्मा काढून समोर धरला.

“गनचं रंगाचं भांडं काढ. यावर नुसती हवा मार.”

“हवा?”

“हवाच.”

रणजितने मारली. काचांवर दव पडावं तसे थेंब उठले. चाचांनी त्यावर बोट फिरवून रणजितच्या अंगठ्याला पुसलं.

तेलकट लागलं...

चष्मा रणजितच्या हाती देऊन चाचा तसेच शेडच्या मागे निघाले. गनला हवा पुरवणारा कंप्रेसर बंद केला आणि खाली बसले. त्यांना शोधावं लागलं नाही. हात आपसूक त्याच्या हवेच्या टाकीच्या तळाच्या कॉकवर, पाणी सोडायच्या तोटीवर गेला.

फुरफुरत पाणी आलं. गंजकं, गढूळ, वर तेलाचा तवंग. थांबता थांबेना.

“एवढं पाणी आत गेलं कुठून?”

“हवेतूनच. तिला दाबलं की घाम फुटतो. मशीनचं तेलही सोबत घेऊन येते.”

“पण आजवर कधी...”

रणजित मध्येच थांबला.

चाचा रोज सगळ्यांच्या आधी यायचे. म्हाताऱ्याला झोप येत नसेल, असंच तो आठ वर्षं समजत आला होता.

“रोज हे पाणी... तुम्ही काढायचात?”

चाचा वाहत्या पाण्याकडे बघत होते.

“सांगितलं का नाहीत? मी गावभर माझ्या हाताची...”

“हात चांगलाच आहे तुझा. खोटं कुठं बोललास?”

रणजितने सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला. दोनदा पुसला. मग स्वतःच्या हातांनी चाचांच्या नाकावर नीट बसवला.

दोघांनी मिळून पाइप झटकले, भिंतीवरच्या हवेच्या फिल्टरची पाण्याने भरलेली वाटी रिकामी केली. बॉनेट चौथ्यांदा घासलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या काळ्या रंगात छपराचे पत्रे मोजता येत होते. देशमाने बाई बराच वेळ मोटारीपाशी उभ्या राहिल्या आणि पदर डोळ्यांना लावून गेल्या.

रणजित चाचांच्या पायांशी येऊन बसला.

“उद्यापासून सगळ्यांच्या आधी मी येणार, चाचा. कॉक मीच उघडणार.”

“उघड की,” चाचा म्हणाले. “फक्त मला कळू देऊ नकोस.”