चांद्याच्या पाठीवरचे डाग

फार मागे, सगळा माल बैलगाड्यांनी जायचा त्या काळी, सखोबा गाडीवानाच्या चांद्या बैलाची पाठ धरली. जू मानेवर आलं की तो कण्हायचा. सखोबाने बापाच्या रीतीप्रमाणे विळा तापवून त्याच्या पाठीला डाग दिला. दुखणं थांबलं नाही, म्हणून आणखी एक दिला.

चांद्याच्या पाठीवर बसणारी साळुंकी एकदा किडे टिपत त्याच्या मागून चालली आणि थबकली.

"चांद्या, तुझ्या मागच्या खुराची लोखंडी पत्री एका बाजूने पार झिजलीय. पाय तिरका पडतोय."

"पण पाय कुठे दुखतोय? दुखते ती पाठ."

"तिरक्या पायाचा तोल पाठच सावरते ना, बाबा!"

दुसऱ्या दिवशी सखोबा तापलेला विळा घेऊन आला. चांद्याने मागचा पाय उचलला आणि काही केल्या खाली टेकवेना. सखोबा वाकला. झिजलेल्या पत्रीवरून त्याने बोट फिरवलं आणि विळा पाण्यात बुडवला.

नव्या पत्र्या ठोकल्या. हळूहळू पाठ दुखायची थांबली. साळुंकी पुन्हा पाठीवर बसायला आली, तेव्हा डागांमधून पाय ठेवायला जागा शोधताना तिला फार वेळ लागला.