थोरल्याची अक्षरं

गोष्ट तशी फार वर्षांपूर्वीची नाही. पण कॉम्प्युटरांना म्हातारपण लवकर येतं, म्हणून जुनीच म्हणायची.

लोणंदच्या एका छापखान्यात थोरला नावाचा कॉम्प्युटर होता. गावाच्या लग्नपत्रिका त्यानेच जुळवलेल्या. एक दिवस कंपनीचं पत्र आलं : ‘या जातीचे कॉम्प्युटर आम्ही बंद केले. नवा घ्या, जुन्यातलं सगळं नव्यात येतं.’ मालकीण यमुताईंनी धाकटा आणला.

थोरल्याने जवळचं सगळं धाकट्याच्या हवाली केलं आणि म्हणाला, "बाळा, मी आहे तोवर शिकून घे. माझी अक्षरं तुला लागायची नाहीत."

"नाही लागली तर राहतील पडून," धाकटा हसला. "तुमच्या अक्षरांवाचून माझं काय अडतंय?"

"अरे, तसं नव्हे..." थोरला म्हणाला, तेवढ्यात यमुताईंनी त्याची वायर काढली. दुपारी भंगारवाला त्याला घेऊन गेला.

महिन्याभराने फुलाबाई जगदाळे आल्या. त्यांची लेक कौसल्या याच छापखान्यात टाइप करायची. आजारपणात तिने आईसाठी चार ओळी थोरल्यावर लिहून ठेवल्या होत्या.

"तेवढ्या छापून द्या," फुलाबाई म्हणाल्या. "वर्षश्राद्धाला तिच्या फोटोखाली लावते."

धाकट्याने ओळी उघडल्या. चारही होत्या. पण पडद्यावर नुसते चौकोन आणि वेड्यावाकड्या खुणा.

फुलाबाईंनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"यमुताई, तुम्हीच वाचा बाई," त्या ओशाळून म्हणाल्या. "मला मेलीला अक्षर लागत नाही."

‘लागणं’ म्हणजे काय, ते तेव्हा धाकट्याला कळलं.