बिनशिक्क्याचा पत्ता

एका गावातल्या दूध संघात कपाटाएवढा मोठा, जुना कॉम्प्युटर होता, आणि तो सांभाळायला भालचंद्र टोणगे नावाचे एकच कायमचे कर्मचारी उरले होते. बाकीच्यांनी केव्हाच दुसऱ्या नोकऱ्या धरल्या होत्या. थंडगार खोलीत टोणगे एकटे बसत, एकटे डबा खात आणि मशीनशी बोलत. मशीन उलट उत्तर देत नाही हेच बरं, असं ते लोकांना ऐकवत. पण एकटं राहणं त्यांना आवडे, असं नव्हतं. आठवड्यातले तीन दिवस शेजारच्या गावाहून कमल वाघचौरे कंत्राटावर कामाला येत. त्या दिवसांची टोणगे अगदी वाट पाहत.

दुधाच्या प्रत्येक मार्गासाठी एक छोटी प्रोसिजर, म्हणजे प्रोग्रामचा वेगळा तुकडा, होती. कोणता टँकर कुठे जायचा ते सकाळी ठरे. मग मुख्य प्रोग्राम त्या मार्गाच्या प्रोसिजरचा मेमरीतला पत्ता मिळवी आणि त्या पत्त्यावरून तिला बोलावी. या पत्त्याला पॉइंटर म्हणतात. पत्ते रोज नव्याने शोधण्यात दहा मिनिटं जात. ती वाचवायला टोणग्यांनी शक्कल लढवली आणि सगळे पत्ते एका फाईलमध्ये लिहून ठेवले. नेमकं त्याच दिवशी कमलताईंनी एका नव्या मार्गाची प्रोसिजर मशीनवर चढवली होती.

दुसऱ्या सकाळी प्रोग्राम बंद पडला. पॉइंटर चालत नाही, एवढंच मशीन सांगे. टँकर फाटकात अडकले आणि चाळीस गावांतलं दूध नासलं. कमलताईंची त्या दिवशी सुट्टी होती. टोणग्यांनी फोन करून तो संदेश चढ्या आवाजात वाचून दाखवला.

“सर, पॉइंटर फाईलमध्ये तर नाही ना लिहून ठेवलेत?” कमलताईंनी विचारलं.

“या मशीनपुढे माझे केस पांढरे झालेत. मला शिकवू नका!”

त्यांनी फोन आपटला, तोच संघाचे अध्यक्ष आत आले. “चूक कोणाची, टोणगे?”

“कमलताईंच्या नव्या प्रोसिजरची.” हे बोलताना त्यांची जीभ जराही अडखळली नाही.

दोन दिवस टँकरची कामं हाताने चालली आणि टोणगे ती प्रोसिजर ओळ न् ओळ चाळत राहिले. तिच्यात खोट सापडेना. शेवटी नाइलाजाने त्यांनी फाईलमधला पत्ता आणि ताजा मिळवलेला पत्ता शेजारी शेजारी ठेवले. अक्षरन् अक्षर सारखं. तेव्हा कुठे त्यांना कमलताईंचा फोनवरचा प्रश्न आठवला आणि डोक्यात प्रकाश पडला. हे मशीन प्रत्येक पॉइंटरवर स्वतःचा एक अदृश्य शिक्का मारतं. साधी अक्षरं म्हणून फाईलमध्ये लिहिलं की अक्षरं उतरतात, शिक्का उतरत नाही. आणि बिनशिक्क्याचा पत्ता मशीन मानत नाही.

त्यांनी ती फाईल पुसली, पत्ते पुन्हा रोज नव्याने मिळवायची सोय केली आणि प्रोग्राम सुरू झाला. खरं काय ते मात्र कोणालाच सांगितलं नाही. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत आठवडा गेला. त्याच आठवड्यात संघाने कमलताईंचं कंत्राट बंद केलं.

आठव्या दिवशी टोणग्यांना त्या खोलीत बसवेना. ते अध्यक्षांकडे गेले, सगळं कबूल केलं आणि तसेच एसटी पकडून कमलताईंच्या घरी पोचले.

“चूक माझी होती. अध्यक्षांना सांगून आलोय. ते तुम्हाला परत बोलावतायत.”

कमलताईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. “मला ते फोनवरच कळलं होतं, सर. तुम्ही सांगाल म्हणून आठ दिवस वाट पाहिली. काल दुसरीकडे हो म्हणून आले.”

“तिथे नकार कळवता येणार नाही का?”

“येईल की. पण त्या खोलीत तुमच्यासमोर बसणं आता मला जमायचं नाही.”

टोणगे पाणी न पिताच उठले.

तात्पर्य: चूक आधी आपल्या कामात शोधावी आणि सापडली की त्याच दिवशी कबूल करावी. उशिरा का होईना चूक दुरुस्त होते, पण दुरावलेलं माणूस परत येईलच असं नाही.